30 टक्के उघडा डॅम्पर, 85 टक्के हवा

मे महिन्यातला शनिवार. पुण्यातल्या एका ऑफिसचा तिसरा मजला, निम्मी माणसं सुट्टीवर. तक्रार अशी की एसी पूर्ण जोरात चालू असूनही दुपारी दोननंतर मजला 27 अंशांखाली उतरत नाही. बीएमएसच्या, म्हणजे इमारतीची यंत्रणा चालवणाऱ्या संगणकाच्या, स्क्रीनवर मात्र सगळं आलबेल. माणसं कमी, म्हणून ऑपरेटरने बाहेरच्या हवेचा, म्हणजे आमच्या बोलीत फ्रेश एअरचा, डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, सकाळीच 30 टक्क्यांवर आणून ठेवला होता. ‘सर, फ्रेश एअर तर मी केव्हाच कमी केलीय,’ तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

एएचयू रूममध्ये, म्हणजे मजल्याची हवा थंड करून ढकलणाऱ्या यंत्राच्या खोलीत, जाऊन फ्रेश एअरच्या डक्टला, म्हणजे हवेच्या पत्र्याच्या नळीला, भोक पाडलं, ॲनिमोमीटरची दांडी आत घातली आणि वेगवेगळ्या जागी वेग मोजला. पूर्ण उघड्या डॅम्परला 2,100 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा यावी असं डिझाइन होतं. 30 टक्के उघड्या डॅम्परमधून येत होती 1,800 च्या आसपास. बाहेर 39 अंश, आत हवे असतात 24. ऑपरेटरला वाटत होतं की आपण 630 सीएफएम घेतोय. वरची जी जवळजवळ 1,170 सीएफएम हवा नकळत आत शिरत होती, तिला 15 अंशांनी थंड करायचं म्हणजे साधारण 10 किलोवॅट, जवळजवळ तीन टनांचा भार. पाहुणे सांगून आले असते तर स्वयंपाक तरी वाढवला असता.

डॅम्पर बिघडलेला नव्हता. पाती फिरत होती, मोटर सांगितल्या कोनावर थांबत होती. फक्त डॅम्पर नको तेवढा मोठा घेतला होता. बाहेरच्या भिंतीवरचा लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची खिडकी) 900 बाय 600 मिलिमीटरचा, म्हणून त्यामागचा डॅम्परही 900 बाय 600 चा. ड्रॉइंग काढणाऱ्याला ते नीटनेटकं वाटलं असणार. ही चूक इतकी सर्रास होते की आता मी डॅम्परच्या यादीत आधी माप बघतो, मॉडेल नंतर.

डॅम्पर म्हणजे काय, हे ज्यांनी कधी फॉल्स सीलिंगच्या वर डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी: डक्टच्या आत बसवलेली चौकट, तिच्यात आडव्या दांड्यांवर फिरणारी पत्र्याची पाती. पाती हवेच्या दिशेला समांतर असली की वाट मोकळी, आडवी झाली की बंद. हाताने फिरवायचा असेल तर बाहेर एक छोटं हँडल आणि नट, आपोआप फिरवायचा असेल तर ॲक्च्युएटर म्हणजे छोटी मोटर. साइटवर हाताने फिरवायच्या डॅम्परला व्हीसीडी म्हणतात, व्हॉल्यूम कंट्रोल डॅम्पर.

काम दिसायला एवढंच: हवा कमी-जास्त करणं. पण डॅम्पर हवेला थेट कमी करत नाही. तो अडथळा वाढवतो, म्हणजे दाब खातो. हवा किती कमी होईल हे त्याने खाल्लेला दाब बाकी वाटेने खाल्लेल्या दाबाच्या मानाने किती आहे, यावर ठरतं. सगळी गंमत इथे आहे.

ज्यांनी पाटाच्या पाण्याची दारं धरली आहेत त्यांना हे चटकन कळेल. वाफ्याच्या तोंडाशी फावड्याने माती ओढून वाट निम्मी केली तरी पाणी निम्मं होत नाही. वाट अरुंद झाली की मागे पाणी तुंबतं आणि उरलेल्या फटीतून जोराने येतं. मागे पाटात आधीच गवत माजलेलं असेल, पाणी मुळातच रडतखडत येत असेल, तर तोंडाशी निम्मी माती टाकून काहीच फरक पडत नाही. खरी अडचण मागच्या गवताची असते, तोंडाची नसते.

आता आकडे. हवा वेगाने जात असताना तिच्यात जो दाब असतो तो पास्कलमध्ये साधारण 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. वेग 5 असेल तर 15 पास्कल, 10 असेल तर 60. (पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर असल्याने इथली हवा किंचित विरळ, पण तेवढ्याने निष्कर्ष बदलत नाही, म्हणून सोडून देतो.) डॅम्पर या वेगाच्या दाबाच्या काही पट दाब खातो. पूर्ण उघडा असेल तर साधारण निम्मा. पाती फिरू लागली की हा गुणक भराभर वाढतो. सगळी पाती एकाच दिशेने फिरणारा, म्हणजे पॅरलल ब्लेड डॅम्पर असेल तर 40 अंश मिटल्यावर तो 5 च्या आसपास, 60 अंशांना 14, 70 अंशांना 32. शेजारशेजारची पाती एकमेकींच्या उलट फिरतात तो ऑपोज्ड ब्लेड डॅम्पर. त्याचा गुणक 40 अंशांनाच 9 पर्यंत जातो आणि 60 अंशांना 70 च्या घरात. कंपनीगणिक आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, चढण हीच.

आमच्या त्या डॅम्परकडे या. 2,100 सीएफएम म्हणजे सेकंदाला जवळपास 1 घनमीटर हवा. 900 बाय 600 चं क्षेत्रफळ 0.54 चौरस मीटर. वेग झाला 1.85 मीटर प्रति सेकंद, वेगाचा दाब 2 पास्कल आणि उघड्या डॅम्परने खाल्लेला दाब जेमतेम 1 पास्कल. त्याच वाटेवर लूव्हर, जाळी, फिल्टर आणि डक्ट मिळून 100 पास्कल खात होते. म्हणजे एकूण 101 मध्ये डॅम्परचा वाटा 1.

या वाट्याला पुस्तकात ऑथॉरिटी म्हणतात. मी त्याला डॅम्परचा वट म्हणतो. शंभरात एकाचा वट असलेल्या माणसाने बैठकीत हात वर केला काय आणि खाली ठेवला काय. पॅरलल पाती 60 अंश मिटवली तेव्हा पूर्ण हवेच्या हिशेबाने डॅम्परचा दाब 29 पर्यंत गेला, पण बाकीचे 100 होते तिथेच. दोन्ही टोकांमधला दाब तोच राहतो असं धरलं तर हवा 88 टक्के येते. 70 अंश मिटवूनही 78 टक्के. स्क्रीनवरचे ‘30 टक्के’ म्हणजे पाती 63 अंश मिटलेली, हवा 85 टक्के. मोजमापात नेमकं तेच आलं होतं. हवेवरचं खरं नियंत्रण सुरू होतं शेवटच्या वीस अंशांत, आणि तिथे मोटर जरा हलली तरी हवा धपकन पडते. अशा डॅम्परवर कंट्रोलर लावला की तो दिवसभर मागे-पुढे करत बसतो. सहा-आठ महिन्यांत लिंकेज सैल होतं आणि मग सगळे मोटरला शिव्या देतात.

उपाय डॅम्पर लहान करण्याचा. हेच माप 400 बाय 400 केलं तर वेग सव्वासहा मीटर प्रति सेकंद. चौकटीतून वाट आकुंचन पावते तो धक्का धरून उघड्या डॅम्परचा दाब 23 पास्कलच्या आसपास जातो. वट शंभरात एकावरून जवळजवळ एकोणीसवर. आता ऑपोज्ड पाती 40 अंश मिटवली की हवा 63 टक्के, 60 अंशांना 27 टक्के. कोन आणि हवा जवळपास बरोबरीने चालतात. ऑपरेटरला हवं असतं ते एवढंच.

फुकट काहीच नाही. डॅम्पर लहान केल्याने पंख्याला सुमारे 22 पास्कल जास्त ओढावे लागतात. सेकंदाला 1 घनमीटर हवेला, पंखा आणि मोटर मिळून 50 टक्के कार्यक्षम धरले तर हा खर्च 44 वॅट. एका ट्यूबलाइटइतका. समोर शनिवारी दुपारी चुकून थंड होणारे 10 किलोवॅट ठेवा. मला यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही. तरी ‘प्रेशर ड्रॉप वाढतो हो’ म्हणून लहान डॅम्परला नाक मुरडणारे कन्सल्टंट भेटतात. तेच पुढे डक्टला नव्वद अंशांचा कोपरा देतात, आत वळणपाती न टाकता.

मग वेग किती धरायचा? नियंत्रणाच्या डॅम्परला चौकटीत 5 ते 7.5 मीटर प्रति सेकंद, साइटच्या भाषेत 1,000 ते 1,500 एफपीएम (मिनिटाला फूट), ही चांगली सुरुवात. त्यावरून क्षेत्रफळ, क्षेत्रफळावरून उघड्या डॅम्परचा दाब, आणि तो बाकीच्या वाटेशी ताडून वट. ऑपोज्ड पात्यांना दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासचा वट पुरतो. पॅरलल पात्यांना तेवढंच सरळ वागायला वट त्याच्या दोन-तीन पट लागतो. मग पॅरलल घ्यायचा तरी कशाला? दोन जागी. एक, जिथे फक्त पूर्ण उघड किंवा पूर्ण बंद एवढंच काम आहे. दुसरी जागा एएचयूच्या मिक्सिंग बॉक्समध्ये. तिथे बाहेरची हवा आणि परतीची हवा एकमेकींत मिसळायच्या असतात, आणि पॅरलल पाती मिटताना हवेला एका बाजूला वळवतात. दोन्ही डॅम्परची पाती एकमेकांच्या दिशेने वळतील अशी बसवली तर दोन प्रवाह समोरासमोर आदळून नीट मिसळतात. उलट बसवली तर वरून गरम आणि खालून गार अशा दोन थरांत हवा थंड करणाऱ्या कॉइलपर्यंत जाते, आणि सेन्सर कुठल्या थरात आहे त्यावर एएचयूचं डोकं चालतं.

मापात आणखी एक खोच आहे, लहान डॅम्परची. 300 बाय 300 च्या डॅम्परला चारी बाजूंनी 25 मिलिमीटरची चौकट आत येत असेल तर मोकळी वाट उरते 250 बाय 250, म्हणजे फक्त 69 टक्के. आणि मध्ये पाती, दांड्या आहेतच. 1,200 च्या डॅम्परला तीच चौकट जाणवतही नाही. म्हणून लहान मापात कॅटलॉगचा दाब त्या मापासाठी दिलेला असेल तर तोच घ्यावा, मोठ्या मापावरून अंदाज बांधू नये.

इथपर्यंत मोटरवाल्या डॅम्परचं झालं. इमारतीत संख्येने जास्त असतात ते हाताचे व्हीसीडी, आणि त्यांचं काम वेगळं: एकदा सेट करायचं आणि विसरायचं. पंख्याजवळच्या डिफ्यूझरला (छतातल्या हवेच्या तोंडाला) हवा जास्त जाते, टोकाच्या केबिनला पोचत नाही, ते सारखं करायचं. कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याची जी तक्रार, तीच टोकाच्या केबिनमधल्या साहेबांची. आणि इलाजही जवळपास तोच, टेलकडून हेडकडे.

समजा एका फाट्यावर सहा डिफ्यूझर, प्रत्येकाला 250 सीएफएम हवी. सगळे व्हीसीडी उघडे ठेवून मोजलं तर पहिल्याला 330, शेवटच्याला 160. नवखा माणूस पहिल्यापासून सुरू करतो. 330 चे 250 करतो, दुसऱ्याकडे जातो, तोवर तिथली हवा वाढलेली असते, तिसऱ्याची त्याहून. सहाव्यापर्यंत जाऊन परत येतो तेव्हा पहिला 290 वर गेलेला असतो. संध्याकाळ होते. शहाणा माणूस सीएफएम बघत नाही, गुणोत्तर बघतो. शेवटच्याला 160 भागिले 250, म्हणजे 64 टक्के मिळतेय. त्याचा व्हीसीडी पूर्ण उघडा सोडायचा आणि शेजारचा, पाचवा, त्याच्याच टक्क्यांवर आणायचा. पाचवा आवळला की सहाव्याची हवा थोडी वाढते, म्हणून दोघांची टक्केवारी सारखी होईपर्यंत. मग चौथा या जोडीशी जुळवायचा, तिसरा, दुसरा, पहिला. एकदा जुळलेले मागचे आता एकत्रच वर-खाली होतात, हे या पद्धतीचं सौंदर्य. शेवटी सगळे समजा 90 टक्क्यांवर आले तर पंख्याचा वेग नऊला दहा या प्रमाणात वाढवायचा, बस्स. सगळे 120 वर आले तर आणखी छान: व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, वेग कमी करायचा, आणि वीज वेगाच्या घनाने उतरते, म्हणजे आधीच्या 58 टक्क्यांवर.

म्हणून बॅलन्सिंगचा रिपोर्ट हातात आला की मी एकच प्रश्न विचारतो: पूर्ण उघडा व्हीसीडी कोणता? एकही नसेल तर पंखा जादा दाब तयार करतोय आणि सगळे डॅम्पर मिळून तो जाळताहेत. एका पायाने ॲक्सिलरेटर, दुसऱ्याने ब्रेक.

व्हीसीडी डिफ्यूझरच्या डोक्यावर नसावा. फाट्याच्या सुरुवातीला, मुख्य डक्टमधून निघाल्यावर थोड्या सरळ अंतराने असावा. डॅम्पर आवळला की फटीतला वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की आवाज 15 डेसिबलांहून जास्त चढतो. सुरुवातीला झालेला आवाज डक्टमधून येता येता आणि फ्लेक्सिबल नळीमध्ये बराच मरतो. डिफ्यूझरच्या मागे झालेला थेट टेबलावर. ग्रिलमागे जो छोटा ओबीडी (ऑपोज्ड ब्लेड डॅम्पर) मिळतो, समोरून स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा, तो शेवटच्या दहा टक्क्यांसाठी आहे. त्यानेच सगळं बॅलन्सिंग केलेल्या मीटिंग रूममध्ये बसून बघा, शिट्टी ऐकू येते. कोपऱ्याला चिकटून बसवलेला डॅम्परही असाच छळतो. हवा एका बाजूला गोळा होऊन येते, निम्म्या पात्यांना ताण आणि निम्मी रिकामी.

व्हीएव्ही (व्हेरिएबल एअर व्हॉल्यूम) बॉक्स हाही शेवटी डॅम्परच, फक्त तो स्वतः हवा मोजून स्वतः फिरतो, त्यामुळे मागचा दाब बदलला तरी त्याला फारसा फरक पडत नाही. ‘म्हणजे माप चुकलं तरी चालेल’ असा अर्थ मात्र काढू नका. बॉक्स मोठा घेतला की कमी हवेला तोंडातला वेग दीड मीटरवर येतो, तेव्हा वेगाचा दाब फक्त 1.35 पास्कल. एवढा बारीक दाब सेन्सरला धड वाचता येत नाही आणि बॉक्स अंदाजाने चालतो.

गळतीचा विचार फक्त बंद होणाऱ्या डॅम्परसाठी. ॲम्का या संस्थेच्या वर्गवारीत 1 इंच पाण्याच्या दाबाला, म्हणजे 250 पास्कलला, पहिल्या वर्गाचा डॅम्पर दर चौरस फुटाला जास्तीत जास्त 4 सीएफएम गळतो, तिसऱ्या वर्गाचा 40. आमचा 900 बाय 600 म्हणजे 5.8 चौरस फूट: एकीकडे 23 सीएफएम, दुसरीकडे 232. रात्री बंद असलेल्या इमारतीत 232 सीएफएम बाहेरची हवा, जुलैत तर ओल घेऊन. फ्रेश एअरच्या डॅम्परला पहिला वर्ग मागावा. फाट्यावरच्या व्हीसीडीला गळतीचा वर्ग मागणं म्हणजे पैसे उडवणं, तो कधी पूर्ण बंद होणारच नसतो.

ॲक्च्युएटरचं गणित सोपं आहे. दर चौरस मीटरला 5 ते 10 न्यूटन-मीटर. कडांना रबरी सील असतील तर वरचा आकडा धरा. दीड बाय सव्वा मीटरच्या डॅम्परला 10 ने धरलं तर 19 न्यूटन-मीटर, म्हणजे 20 ची मोटर काठावर पास, आणि काठावरची मोटर मी घेत नाही. मुंबईत, गोव्यात, समुद्राकडे तोंड असलेल्या लूव्हरमागे तर नाहीच. खाऱ्या हवेत जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) दांड्या वर्षाभरात कुरकुरायला लागतात. तिथे ॲल्युमिनियमची पाती आणि न गंजणाऱ्या बुशिंग्ज. फ्रेश एअरच्या मोटरला स्प्रिंग रिटर्न हवा, लाइट गेली की डॅम्पर आपोआप मिटला पाहिजे.

फायर डॅम्पर ही वेगळी जात. आग अडवणाऱ्या भिंतीत बसतो, साधारण 72 अंशांना वितळणाऱ्या दुव्यावर किंवा मोटरवर उघडा टांगलेला असतो आणि आग लागली की मिटतो. त्याला अर्धवट मिटवून हवा बॅलन्स केलेली मी एका साइटवर पाहिली आहे, तारेने बांधून. तार बांधल्यावर आगीत तो मिटणार कसा, हे बांधणाऱ्याला सुचलं नव्हतं.

त्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही लूव्हर काढला नाही. त्याच्या मागे एक उतरता पत्र्याचा डबा केला, त्याच्या अरुंद तोंडाला 400 बाय 400 चा ऑपोज्ड डॅम्पर, 5 न्यूटन-मीटरची स्प्रिंग रिटर्न मोटर. 0.16 चौरस मीटरला तेवढी भरपूर होते. दांडीच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरची खाच असते. खाचेची दिशा म्हणजे पात्यांची दिशा, डक्ट न उघडता कोन कळतो. पण ही खाच पात्याशी जुळली आहे याची खात्री बसवायच्या आधी, जमिनीवर असतानाच करायची असते. एकदा आमच्याकडे उलट्या खाचेचे चार डॅम्पर आले होते आणि आम्ही अर्धा दिवस बंद डॅम्परमधून हवा शोधत होतो. या वेळी पाती जमिनीवर हाताने फिरवून पाहिली, मार्करने चौकटीवर ‘उघडा’ आणि ‘बंद’ लिहिलं, रेघा मारल्या. सुताराकडून सीलिंगमध्ये दीड बाय दीड फुटाचं झाकण करून घेतलं. ते झाकण मूळ ड्रॉइंगमध्ये नव्हतंच.

पुढच्या शनिवारी ऑपरेटरने पुन्हा 30 टक्के दिले. अर्ध्या तासाने त्याचा फोन: ‘सर, फ्रेश एअर खूपच कमी झालीय, डॅम्पर जाम झाला का?’ मोजली. 600 सीएफएमच्या आसपास होती.